अपेक्षित

सोहारच्या दवाखान्यात मी तक्ता मांडते:
कोण कोसळलं, कुठल्या पाळीत.
वेल्डर, पाइपवाले, परांचीवाले.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.

काय-वर्ग चाचणी.
कॉलेजात वाटायचं, हा 'काय' म्हणजे प्रश्न.
इथे आल्यावर वाटतं, देहही असेल.

निरीक्षित वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित.
वर्ग केला की उणे चिन्ह मरतं;
जास्त पडले की कमी,
बेरजेला सारखंच.

रात्रपाळीचे परांचीवाले: तीन.
अपेक्षित: एक पूर्णांक आठ.
पाचाच्या खालचा रकाना शेजारच्यात मिसळावा, असा नियम.
डॉक्टर बुसैदी म्हणाले, 'इतर'मध्ये टाक,
अहवाल उद्या जायचाय.

त्या तिनांतले दोन म्हणजे एकच माणूस.
दापोलीचा लतीफ पांगारकर,
जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये पुन्हा.
तिसरा त्याचा मेव्हणा, त्याच खोलीत, वरच्या बंकवर.
आणि चाचणीला हवीत
एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली माणसं.

रात्री ऊन नसतं, पण समुद्राकडून वाफ येते,
घाम अंगावरून हलत नाही.
याला तक्त्यात ना ओळ, ना स्तंभ.

मिसळलं.
पी आला शून्य पूर्णांक एकवीस.
'संबंध आढळला नाही', मी टाइप केलं.
नाही, असं नव्हे. आढळला नाही.
हा फरक इंग्रजी अहवालात
एका शब्दाचा होता,
तोही डॉक्टरांनी खोडला.

पाच वाजता 'इतर' दारात उभा,
हेल्मेट काखेत.
ओआरएसची पाकिटं हवी होती.
दोन दे गो बाय, म्हणाला,
एक त्याला.