वावडं

कापणारा मी होतो.
डिसेंबरात खाणींतून माणसं घरी परततात
आणि आमच्या गावात रोज कुणाकडे तरी बैल पडतो.
त्या दिवशी आमच्याकडे पडला,
म्लुंगिसीच्या, माझ्या गेलेल्या भावाच्या नावानं.
पहिला तुकडा, बिनमिठाचा, निखाऱ्यावरचा,
मी माझ्या हातानं त्याच्या लेकीला दिला.
झिम्खिता. नऊ वर्षांची. बोटं चाटूनपुसून खाल्ला तिनं.

रात्री नाचणारे दमून भिंतींना टेकले
तेव्हा ती पोट धरून बाहेर आली.
चांदण्यात तिचे ओठ मला आधी ओळखूच आले नाहीत.
अंगभर गांधी, तळपायांनाही,
आणि घशातून शीळ,
किटली उकळायच्या बेतात असते तशी.
थामसान्काच्या पिकअपमध्ये, मागे, मी तिला उराशी धरून
दर खड्ड्याला म्हणत होतो:
आहे. आहे. आहे.

सुई टोचली, ती परतली.
गाव मात्र परतलं नाही.
पूर्वजांनी तिच्या तोंडचा घास काढून घेतला म्हणाले.
हिची आई कुठली, विचारलंत का कधी?
कुणी दबक्या आवाजात करणी म्हणालं.
मी गप्प. सुरी माझी होती.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा कुरणं पिवळी पडली होती.
सिस्टर म्बांगानं मांसाचं काही विचारलंच नाही.
"हिला गोचीड कधी चावली होती?"
मला हसू आलं. कधी चावत नाही ते विचारा.
मग ते हसू तोंडातच राहिलं:
गुरं बुडवायच्या टाकीपाशी, गेल्या उन्हाळ्यात,
तिच्या गुडघ्यामागून मीच उपटली होती एक,
मटाराएवढी फुगलेली,
दोन दगडांत चिरडून दाखवली होती तिला, गंमत म्हणून.

गायीच्या अंगात एक साखर असते, सिस्टर म्हणाली,
शेळीच्या, डुकराच्याही. आपल्यात नसते.
खाल्ली तर पोट तिला नावगावही विचारत नाही.
पण गोचीड तीच साखर लाळेतून
कातडीखाली सोडते, चोरवाटेनं,
आणि रक्त मग चोराला विसरतं,
साखरेवर डूख धरतं.
"मग सगळ्यांनाच का नाही होत?"
तिनं खांदे उडवले. "ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही."

त्या 'नाही'वर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला.
गावात प्रत्येकाकडे कारण तयार होतं.

या डिसेंबरात पुन्हा बैल.
तिच्यासाठी कोंबडी, वेगळं भांडं, वेगळी सुरी.
तरी पहिला तुकडा मी तिच्यासमोर धरला.
तिनं लांबूनच वास घेतला.
"माझ्या नावचा तूच खा."
खाल्ला. दोघांचा घास एका घशातून;
वेळ लागला.

पहाटे पाहतो तर पँट मोज्यांत खोचून
ती काट्यांच्या कुंपणाआत,
वासराचा कान उलटा धरून,
चिमट्यानं एकेक काढून रॉकेलच्या डब्यात टाकत होती.
किती झाल्या, मी विचारलं.
"अठ्ठावीस," ती म्हणाली,
"मध्ये बोलू नकोस."