टोल

बावीस वर्षं या शाळेचा टोल मी दिला.
रुळाचा हातभर तुकडा, वर तारेचा फास.
भरताना दोन, मधल्या सुट्टीला चार, सुटताना घणघण घणघण.
तुर्भे स्टोअरच्या झोपड्यांतल्या बाया
माझ्या टोलावर भात उतरवायच्या.

मुकादम बाई मुख्याध्यापिका होऊन आल्या, त्याच आठवड्यात
पहिलीतला बसवराज बाकाखाली गेला.
तसा रोजच जायचा. टोल पडला की बाकाखाली,
कानांवर हात, दातांवर दात,
आणि चड्डी ओली झाली की मला हाक, दादा, फडकं आणा.
त्याचा बाप वर खाणीत सुरुंगाची भोकं पाडतो.
म्हणून असेल. नसेलही.
बाईंनी कारण शोधलं नाही. मला एवढंच म्हणाल्या,
"बाळारामदादा, उद्यापासून टोल नको."

मला राग आला. खोटं कशाला बोलू.
एका पोरासाठी चारशे पोरांची वेळ मोडायची?
रात्री जेवलो नाही.
सभेत पाटकर गुरुजींनी हेच विचारलं, जरा चढ्या आवाजात.
बाईंनी ऐकून घेतलं,
चष्मा पुसला, पुसलेला परत पुसला,
"मला तरी कुठं सगळं कळतंय. एक महिना बघू या."

मग माझ्या हातात हळदी रुमाल.
वर्गाच्या दारात उभं राहायचं, हलवायचा, पुढचं दार.
तेरा खोल्या, दोन जिने, आणि माझे गुडघे.
पहिले आठ दिवस नुसता गोंधळ,
पाचवी ब ला एकदा सुट्टीच झाली नाही,
मी विसरलो.

नववा की दहावा दिवस.
तिसरीच्या दारात पोचलो, रुमाल अजून खिशातच,
तर सोनकी राठोड उभी.
सोनकीला जन्मापासून ऐकू येत नाही.
दोन वर्षं ती बघायची,
सगळे उठले की उठायची, पळाले की त्यांच्या मागं,
खिचडीच्या रांगेत कायम शेवटची.
त्या दिवशी तिनं मला आधी पाहिलं.
वळली, बाकावर दोन्ही हात आपटले.
अख्खा वर्ग तिच्या मागं.

बेलापूरहून साहेब आले तपासणीला.
शाळेत घंटा का नाही, म्हणाले.
बाईंनी माझ्याकडे बघितलं, "यांना विचारा, वेळ यांच्याकडे असते."
मला बोलता येईना.
रुमाल काढून दाखवला, झालं.
त्यांनी वहीत काय लिहिलं, माहीत नाही.

मार्चअखेर मी सुटतोय.
पाटकर गुरुजी म्हणतात, रुमाल माझ्याकडे द्या.
रुळाचा तुकडा अजून तिथंच लोंबतोय.
बसवराज येता-जाता त्याला बोट लावतो,
टिचकी नाही, नुसतं बोट,
गार आहे का बघतो बहुतेक,
आणि वर्गात जातो.