एकशे बारावं पान

आमच्याकडची पोथी पिरिमझेने आणली, हुंड्यात.
दोन गाद्या, तांब्याची कढई, आणि ही:
द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी अक्षरं,
कातडी पुठ्ठ्याला अजून धुराचा वास.
राचाच्या डोंगरात बर्फाने रस्ता बुजला
की पावाची भट्टी विझवून आम्ही ती उघडायचो,
हात कोपरापर्यंत धुऊन.
निम्मे शब्द आता बोलण्यात नाहीत.
ते आले की बाबा आवाज हळू करायचे,
झोपलेल्या माणसाला ओलांडावं तसा.

एकशे अकराव्या पानाच्या तळाशी स्वार नदीवर येतो.
पूर आहे. घोडा थरथरतोय.
आणि एकदम एकशे तेरा:
स्वार पलीकडे, झुडपावर झगा वाळत घातलेला.

मधलं पान वार्देनकाकाने नेलं,
बेचाळीस साली, छातीच्या खिशात, घडी करून.
पान आलं नाही. तोही नाही.

म्हणून नदी आम्हीच ओलांडायचो, दर हिवाळ्यात.
बाबा पोहून जायचे.
ओतियामामा होडी आणायचा, नावाड्याशी
इतकी घासाघीस करायचा की पूर ओसरायचा.
सातव्या वर्षी मी एक मासा दिला, घोड्याएवढा.
मकवालाआत्या फक्त अक्रोड फोडायची.
"पुढे वाचा," म्हणायची.

यंदा तामिला मास्तरणीने कुतैसीहून
छापील प्रत आणली, आता कुठे निघालेली.
सगळी पानं जागच्या जागी.
मी उभ्यानेच वाचलं.

होडी नाही. मासा नाही.
थोडं वरच्या अंगाला एक लाकडी पूल आहे, पाण्याने निथळणारा.
घोडा पाऊल टाकेना,
तेव्हा स्वार उतरतो, झगा काढतो,
फळ्यांच्या फटींवर अंथरतो,
खालचं पाणी त्याला दिसू नये म्हणून,
आणि लगाम धरून उलटा चालतो,
तोंड घोड्याकडे.
चार कडवी. संपलं.

"एवढंच?" मामा हिरमुसला.

आत्याची हातोडी थांबलेली.
"परत वाच."
परत वाचलं.
"मला वाटायचं, लढाईचं पान नेलं असेल.
तिकडे कामाला येईल असं."

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग तिने एक अक्रोड फोडला,
अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.
"ती मिट आता. आपली उघड.
एकशे तेरा.
झगा वाळला का बघू."