साठावी पावती

मेन राज्याच्या या टोकाला एप्रिल म्हणजे नुसता रबडा.
सकाळची शाळेची बस सोडली की दुपारच्या बसआधी
मी गमबूट चढवून दारं वाजवत फिरते.
साठ माणसं, प्रत्येकी पाच डॉलर आणि एक सही.
एवढं जमलं की पाट्या, पत्रकं, टपाल,
सगळा खर्च सरकारी तिजोरीतून.
मग लाकूड कंपनीच्या साहेबांकडे जेवायला नको,
आणि जेवल्यावर गप्प बसायला नको.

मार्सेलीनबाईंनी नोट बायबलमधून काढली,
इस्त्री केल्यासारखी.
ऑर्विलने वीस पावल्या मोजल्या, दोनदा,
वर म्हणाला, नातवाला खिडकीशी बसव.
म्हटलं, त्याला पैसे पडत नाहीत.

एकोणसाठ झाल्या.
उद्या पाचला कचेरी बंद, मुदत खलास.

शेवटचं दार लुसियन ग्रीव्हाचं, चाकांवरचं घर,
चाकं केव्हाच चिखलात रुतलेली.
त्याने आधी सही ठोकली, रेघेबाहेर जाणारी.
मग खिसे चाचपले. मग खुंटीवरच्या कोटाचे.
मग फ्रीजवरची बरणी उपडी केली:
तीन डॉलर चाळीस सेंट, आणि एक बटण.

माझ्या खिशात पेट्रोलसाठी ठेवलेली विसाची नोट.
एक डॉलर साठ सेंटांचा तर प्रश्न.
पण कायदा म्हणतो, देणाऱ्याचेच हवेत,
उसने चालत नाहीत, उमेदवाराचे तर नाहीच नाही.
बघणारं कोण होतं?
एक कुत्रा. तोही झोपलेला.

माझा हात खिशाशी गेलेला लुसियनला दिसला.
"तू घातलेस तर ते माझे कसे, ओडेट?"
मी नाक पुसायला रुमाल शोधत होते
असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, भरल्या बससमोर,
तो रस्त्याच्या मधोमध उभा.
बर्फ वितळला की चरातून वर येतात
वर्षभराच्या फेकलेल्या बाटल्या.
दुकानात परत केली की बाटलीला पाच सेंट.
बत्तीस बाटल्या.
पोरं खिडक्यांतून ओरडत होती,
मी स्टिअरिंगवर कागद ठेवून पावती फाडली.
नाण्यांना अजून बिअरचा वास होता.

नोव्हेंबरात मी पडले, दोनशे अकरा मतांनी.
लुसियन अजून चर धुंडाळतो.
बस दिसली की हात करत नाही,
पिशवी वर करतो.