अडीच किलोमीटर

रात्रपाळी संपली की मी थेट घरी जात नाही.
अंबाजोगाई मागं टाकून
बुट्टेनाथाच्या वाटेवर स्कुटी लावते,
डिकीतले बूट काढते.
डाव्याचा तळ दोनदा चिकटवलेला.

पौषातलं ऊन. दिसतं भरपूर, लागत नाही.
हँडल धरून धरून
बोटं कुणा दुसऱ्याचीच वाटतात.
स्वेटर काढू की नको, यातच पाच मिनिटं जातात.
शेवटी कमरेला बांधते
आणि पहिल्या शंभर पावलांत पस्तावते.

सुरुवातीला अंग ऐकत नाही.
गुडघा कुरकुरतो,
छातीत हवा शिरते ती टोचत शिरते,
नाक वाहतं, बाहीला पुसते.
रात्रभर सगळ्यांना हात धुवा म्हणणारी मी.

मग उतार.
काळे दगड, काही दवानं अजून ओले,
पाय कुठला निवडतो मला कळत नाही,
डोळ्यांआधी त्याला कळतं.
सीताफळीची पानं पिवळी पडून गळायला आलेली,
तरवडाचं एखादं फूल चुकून राहिलेलं,
आणि कुसळ.
ते कुणालाच सोडत नाही.
मोज्यांत घुसून बसतं,
दुपारी झोपताना कळतं
किती रान घरी आणलंय.

खाली ज्वारी हुरड्यात आलीय.
कुठंतरी आगटी पेटलेली,
धूर वर जायचं सोडून
शिवारावर आडवा पडलाय.
माझ्याही तोंडातून वाफ निघते
आणि मी तिच्यातूनच पुढं जाते.

ओढ्यापाशी शेळ्या राखत बसलेली म्हातारी,
घोंगडीतून नुसतं नाक बाहेर.
मला बघून ताडकन उभी राहते.
"काय झालं ओ बाई? कुणाला काय झालं?"
"काही नाही मावशी. नुसती पळायलेय."
"कामून?"

बारा वर्षं वॉर्डात पळतेय मी.
सातव्या खाटेकडं, सिलिंडरकडं,
डॉक्टरांना उठवायला, रक्ताची पिशवी आणायला.
काल रात्रीही पळाले, पावणेतीनला.
माझ्याकडून उशीर झाला नव्हता.
आमच्यात कुणी पळताना दिसलं
की बाकावरचे नातेवाईक उभेच राहतात.
अगदी असेच,
पांघरूण खांद्यावरून घसरलेलं.

कामूनचं उत्तर सापडेना.
म्हटलं, "थंडी वाजायलीय म्हणून."
"मग उन्हाला बस की,"
म्हणाली, आणि दगडावरचं करडू हाकलून
जागा करून दिली.

बसले. दगड खरंच तापला होता,
करडानं तापवलेला असेल.
ते परत आलं, माझ्या बुटाच्या नाडीची चव घेतली,
आवडली नाही.
म्हातारीनं ओच्यातून मूठभर हुरडा काढला.
गार झालेला, पण चावत गेलं तसा गोड लागला.
नाव सांगितलं, कौसाबाई.
माझं विचारलं नाही.
मनगटावरच्या घड्याळाकडं बोट केलं,
"वेळ दाखवतंय का?"
"किती पळाले ते दाखवतंय."
"मग आता काय म्हणायलंय?"
"थांबलीस म्हणतंय."
ती हसली. पुढं एकच दात,
त्यावरही ऊन.

चढ मात्र चढच होता.
अर्धा चालत गेले, लाज न वाटता.
स्वेटर सुटून एकदा पायात आला.
वर पोचून वळून पाहिलं तर
घोंगडी कुठली आणि दगड कुठला सांगता येईना.
तरी हात हलवला.
एका शेळीनं मान वर केली, बहुतेक.

स्कुटीची सीट तापलीय.
पावणेतीन वाजून गेलेत,
हे पायांना आत्ता कळलं.
डोळ्यांना अजून नाही.
दाढेत एक दाणा अडकलाय,
जिभेनं काढत काढत किक मारते.
पहिल्या किकला नाही.
दुसऱ्या किकलाही नाही.