मधली रेघ

ट्यूब उलटसुलट हलवून मी स्टँडला लावते
आणि घड्याळाकडे न बघता उभी राहते.
आत धुकं. ताळगावच्या पठारावर
जानेवारीत पहाटे असतं तेवढंच.
मग कुणी न सांगता
पाणी पाण्यापासून बाजूला व्हायला लागतं.

तेल नाही यात. सगळे आधी तेलच विचारतात.
बाबांनीही विचारलं, आगरवाड्याहून, फोनवर :
"उदक उदकांत भरसना? पिशें मगो तूं."

वर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, खाली फॉस्फेट,
दोन्हीकडे बहुतेक पाणीच,
तरी मध्ये एक रेघ,
ट्यूब तिरकी केली तरी आडवी राहणारी.

नमुना आमच्याच मिठागरातला.
मानशीच्या अलीकडे, कोपऱ्यात साचणारं ते शेवाळ
बाबा आयुष्यभर लाकडी फावड्यानं ओढून
बांधावर फेकत आले :
मीठ काळं पडतं म्हणून.
त्या फावड्याला किती निळं लागलं असेल
याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पेशी फोडल्या. गोठवून, वितळवून, परत गोठवून.
प्रथिन उष्णतेनं रुसतं, अल्कोहोलनं तर मरतंच.
पाण्यात जन्मलेल्याला पाण्यातच बाजू निवडू द्यावी,
असं कार्व्हालो मॅडम म्हणतात,
आणि लगेच, "पीएच बघितलास?"

निळं वर चढतं.
फुटक्या पेशींचा हिरवा गाळ रेघेवरच अडकतो,
इकडचा नाही, तिकडचा नाही.

मीठ ढकलतं त्याला वर. हे मात्र बाबांना पटलं.
थोडा वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, आगरातलं पाणी बोटावर घेतलं
की कळतं, आता मीठ धरणार.
"किती टक्क्यांना?"
"बोटाला टक्के नसतात."

लेबल मी इंग्रजीत लिहिते,
ट्यूबा कोंकणीत मोजते,
हे मराठीत.

निळं मिळालं, पण ग्लायकॉल त्याच्याबरोबर आलंय
आणि दोघांना सोडवायचं कसं
ते अजून जमलेलं नाही.
सहावीत फॉस्फेट कमी पडलं होतं.
तिच्यात रेघ उमटलीच नाही,
सगळं एकत्र, गढूळ, निळंहिरवं,
मिठागराच्या कोपऱ्यासारखं.
वहीत तिच्यापुढे फुली मारली आहे.
ट्यूब अजून धुतलेली नाही.