पिवळे बिल्ले

कुबल डॉक्टरांच्या पिशवीत आज चारच बिल्ले,
आणि माझ्याकडे अकरा शेळ्या, एक बोकड, खालची पिल्लं वेगळी.
गोठा म्हणजे सड्यावरचा चिऱ्यांचा आडोसा,
वर झापं, झापांवर रापणीचं फाटकं जाळं.

ताणकाटा आईनाच्या फांदीला टांगून ते म्हणाले,
"सगुणाबाय, नोंद फक्त अस्सल कन्याळाची.
नाकपुडीपासून कानापर्यंत पांढरा पट्टा,
दोन्ही बाजूंनी."
म्हटलं, बघा.

चिमीचे पट्टे चुन्यात बोट बुडवून ओढल्यासारखे.
उंची बसली, छाती बसली, दात सहा.
मी गप्प राहिले असते तर चाललं असतं,
पण दोन्ही वेतांना तिने पिल्लू लाथेने लोटलं,
बाटलीवर मी वाढवली ती.
हे कुठल्या रकान्यात घालाल?
रकाना नव्हता.
चिमीला बिल्ला लागला.
तिच्या मागोमाग दोन बहिणींनाही, भराभर.

मग कवडी आली, स्वतःच, कुणी न ओढता.
एका गालावर पट्टा, दुसऱ्यावर नुसता शिंतोडा.
"हिचो कान खंय गेलो?"
"वाघान नेल्यान."
सात वेतं, पाचदा जुळं, एकदा तिळं.
आषाढात सडा निथळत असतो, बाकीच्यांचे खूर कुजतात,
हिचे नाहीत, हिच्या लेकींचेही नाहीत.
मे महिन्यात करवंदी करपल्या की हीच सगळ्यांना
खाली पुळणीवर नेते,
ओढून ठेवलेल्या होड्यांच्या फळ्या चाटायला.
डॉक्टरांनी टेप दोनदा लावली.
टेपेने काय होणार.

"बोकड कुठला वापरता?"
दाखवला. त्यांनी मान हलवली. मलाही दिसतं ते.
गेल्या साली भारीतला होता तो वजनावर गेला,
त्याआधीचा जत्रेला,
त्याआधीचा नवऱ्याच्या ऑपरेशनात.
जो उजवा निघतो त्याला गिऱ्हाईक आधी येतं,
आणि जो कुणालाच नको असतो
तो आमच्याकडे बाप होतो.

चौथा बिल्ला त्यांच्या हातात तसाच.
तेवढ्यात कवडीचा पाट चिऱ्यावर चढला,
चार महिन्यांचा, काळा कुळकुळीत,
आणि दोन्ही गालांवर पट्टे, जणू आईचं राहिलेलं पुरं केलेलं.
"हा विकू नका."
विकलाच होता. मन्सूरभाईंचा दोन हजार इसार
माझ्या पदराच्या गाठीत, त्यातले तीनशे खर्चलेले.

बरीच दुपार गेली. खाली भरती लागल्याचा आवाज यायला लागला.
मी म्हटलं, मारा.
पिल्लू एकदाच ओरडलं.
डॉक्टर कागद भरत होते: नर, काळा, वय चार महिने.
आईचा नंबर?
बिल्ले संपले होते.
त्यांनी पेन थोडा वेळ तसंच धरलं,
मग रकान्याबाहेर, समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
कवडी. डावा कान अर्धा.

मी गाठ सोडून नोटा मोजल्या.
तीनशे कुठून आणायचे ते उद्या.